मशीनला हात लावू नका

ऑफिसात तिला सगळे 'खिडकीवाल्या ताई' म्हणत. अर्धी हयात विंडोजवर प्रोग्राम लिहिण्यात गेलेली. कंपनीचं काम लिनक्सवर गेलं आणि बाईंनी पिकल्या केसांनी पुन्हा श्रीगणेशा केला. घरी जेवणाच्या टेबलावर पुस्तक उघडलं की सासूबाई म्हणायच्या, "अगं, अजून किती परीक्षा द्यायच्या?" "ही शेवटची, आई," ती म्हणायची. खरं तर तिला त्यात गोडी लागली होती, पण ते कबूल कोण करणार!

तिने लिहिलेला पहिला लिनक्स प्रोग्राम आठवडाभर एका शीतगृहाचं तापमान नोंदवत होता. त्या नोंदी बघायला दुपारी ग्राहक येणार होता. ही चाचणी यशस्वी झाली तर पुढचं सगळं काम तिच्याकडे, नाहीतर बाहेरच्या माणसांकडे, असं साहेबांनी रोखठोक सांगून ठेवलं होतं.

सकाळी डिस्क भरत आली म्हणून ती जुन्या फाइली साफ करायला बसली. नोंदींची फाइलही त्याच फोल्डरमध्ये होती. पण ती तर चालू फाइल, तिच्यात प्रोग्राम अजून लिहितोय, ती कशी पुसली जाईल? मशीनच अडवेल. विंडोजने जन्मभर असंच अडवलं होतं. तिने सगळं फोल्डर पुसायला सांगितलं. लिनक्स कसला अडवतोय! हूं की चूं न करता त्याने फोल्डर धुवून टाकलं.

तिने साहेबांना हाक मारली. साहेब धावत आले, तोंडचं पाणी पळालेलं. "रीस्टार्ट करून बघू," म्हणत त्यांनी बटणाकडे हात नेला. तिचाही हात तिकडेच निघाला होता, सवयच ती मेली.

"थांबा," ती म्हणाली. "मशीनला हात लावू नका."

साहेबांना असं बोलायची तिची ही पहिलीच वेळ. पण तिला नीट आठवलं होतं: इथे पुसलं जातं ते फाइलचं नाव. ज्या प्रोग्रामने ती उघडून धरलीय, त्याने सोडेपर्यंत आतला मजकूर जागच्या जागी असतो. प्रोग्राम चालू होता. रीस्टार्ट केलं असतं तर तो बंद पडला असता आणि आठवड्याची मेहनत मातीत गेली असती.

चालू प्रोग्रामने काय काय धरून ठेवलंय, ते लिनक्स एका कोपऱ्यात मांडून ठेवतो. तिथे तिला आपली फाइल सापडली, शेजारी 'पुसलेली' असा शेरा. तिने तिची नक्कल दुसऱ्या डिस्कवर काढली. पहिल्या दिवसापासून आत्तापर्यंतच्या नोंदी, एकही कमी नाही. तिने दोनदा तपासलं. ऊर अभिमानाने भरून आला होता.

दुपारी ग्राहकाने आलेख निरखून पाहिले आणि विचारलं, "मध्ये काही अडचण?"

"किरकोळ, तांत्रिक," साहेब घाईघाईने म्हणाले.

तिला ते रुचलं नाही. आपली चूक झाकली की आपली करामतही झाकली जाते, हे तिला चांगलं कळत होतं.

"फाइल मी पुसली होती," ती म्हणाली. "आणि परतही मीच आणली. कशी, ते दाखवू?"

ग्राहकाने खुर्ची पुढे ओढली. साहेबांनीही ओढली.