एक टप्पा आउट

पुण्याजवळच्या धायरीत राहायला येऊन वर्ष उलटलं, तरी बद्रीनाथ पिंपळकरांना कोणी काही विचारत नव्हतं. म्हणजे, जेवलात का, गोळी घेतलीत का, हे घरचे दिवसातून चारदा विचारत. पण कामाचं असं कोणी काही विचारत नव्हतं. वर्धा नदीकाठच्या कोळसा खाणीत छत्तीस वर्षं ड्रिलर म्हणून काढलेल्या, आणि त्यातली पंचवीस वर्षं तिथल्या बेसबॉल क्लबाचा अंपायर असलेल्या माणसाला हे फार लागायचं. आपण अजून उपयोगाचे आहोत हे या गावाला एकदा कळावं, एवढंच त्यांना हवं होतं.

त्या क्लबाचीही गंमतच होती. जंगल तोडून खाणीची वसाहत उभी राहिली तेव्हा तिथे धड बाजार नव्हता, टॉकीज नव्हती, दवाखान्यात डॉक्टर नव्हता. पण बेसबॉल होता. अमरावतीला शिकून आलेल्या एका क्रीडाशिक्षकानं एक बॅट, चार चेंडू आणि तीन ग्लोव्ह आणले, आणि महिन्याभरात पहिली पाळी दुसऱ्या पाळीशी भिडली. बॅट मोडली की वसाहतीतला सुतार नवी करून द्यायचा. नऊ जणांच्या संघाला ग्लोव्ह मात्र तीनच राहिले. आता उरलेल्या सहा जणांनी तो टणक चेंडू उघड्या हातांनी झेलायचा कसा? बोट मोडलं की ड्रिल धरता येत नाही आणि कामावर खाडा पडतो. मग सगळ्यांनी बसून ठरवलं, की चेंडू एक टप्पा पडून हातात आला तरी आउट. हा कायदा पुढे कोणी बदलला नाही, आणि बद्रीनाथांनी तो पाव शतक इमानेइतबारे चालवला.

नात सृष्टी धायरीच्या मुलींच्या संघात खेळायला लागली, तेव्हापासून दर रविवारी सकाळी ते मैदानाच्या पायरीवर जाऊन बसत. इथल्या प्रत्येक मुलीच्या हातात स्वतःचा ग्लोव्ह होता. त्याचं त्यांना भारी कौतुक वाटायचं.

मार्चमधल्या त्या रविवारी शनिवार पेठेचा संघ आला होता. सामन्याचा अंपायर सिंहगड रोडवरच्या ट्रॅफिकमध्ये अडकला, म्हणजे आता तो दुपारपर्यंत येत नाही हे सगळ्यांना कळलं. धायरीची कोच पूर्णिमा यवतमाळची, आठवडाभर कंपनीत कोडिंग करणारी. ती सरळ पायरीपाशी आली.

"काका, तुम्ही अंपायरिंग केलंय ना? आज प्लीज उभे राहता का?"

बद्रीनाथ इतक्या लगबगीनं उठले की चप्पल पायरीवरच राहिली.

पेठेचे कोच दिगंबर आपटे हे निवृत्त शिक्षक. घडीची खुर्ची आणि नियमांचं पुस्तक घेतल्याशिवाय ते घराबाहेर पडत नसत. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "यांची नात खेळते आहे ना? छान. म्हणजे निकाल आधीच लागला, आता नुसतं उन्हात उभं राहायचं."

"नाई जी," बद्रीनाथ म्हणाले. "चेंडूले नात समजत नाई."

आणि खरोखरच त्यांनी सामना चोख चालवला. आवाज खणखणीत, नजर पक्की. आपटे दोनदा पुस्तक उघडून बसले आणि दोन्ही वेळा गुपचूप मिटून मोकळे झाले. इतक्या दिवसांनी आपला आवाज मैदानभर जातो आहे, याचा बद्रीनाथांना केवढा आनंद झाला होता.

शेवटचा डाव आला. धायरी एका धावेनं मागे, दोन मुली बाद, आणखी दोघी दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसवर, आणि बॅट सृष्टीच्या हातात. तिनं जोरात फटका मारला. चेंडू एक टप्पा पडला आणि पेठेच्या संघातल्या कादंबरीनं तो अलगद धरला.

"आउट!" बद्रीनाथांची मूठ आपोआप वर गेली.

सृष्टी धावता धावता थबकली. कादंबरी चेंडू हातात घेऊन तशीच उभी राहिली. सृष्टी पोचण्याआधी तिनं तो पहिल्या बेसकडे फेकायला हवा होता, पण अंपायरच आउट म्हणतो म्हटल्यावर कशाला फेकायचा? पेठेच्या मुली नाचायला लागल्या. पूर्णिमानं डोक्याला हात लावला, आणि बद्रीनाथांच्या लक्षात आलं की आपण खाणीतला नियम इथे लावून बसलो. लाजेनं त्यांना मान वर करवेना.

आपटे खुर्चीतून उठून तरातरा आले. "टप्पा पडला होता. आउट कशी?"

"आमच्या खाणीत तीनच ग्लोव्ह होते जी. एक टप्पा आउट धरत होतो. सवयीनं मूठ वर गेली." त्यांनी तोंडावरचा अंपायरचा जाळीदार मास्क काढून पुढे केला. "मी हटतो. दुसरं कोनी पाहा."

आपट्यांनी मास्कला हात लावला नाही. "अहो, अमेरिकेत अगदी सुरुवातीचे क्लब असंच खेळत. ग्लोव्ह नव्हतेच. सोन्याच्या खाणींच्या गावांतही पोरं उघड्या हातांनीच खेळली. तो नियम बदलून दीडशे वर्षं झाली. तुमच्या खाणीला कळवायचं राहून गेलं, एवढंच."

"पन सर, सामना तुम्ही जिंकला होता."

"असा जिंकलेला सामना मी पेठेत कोणत्या तोंडानं सांगू? चूक तुम्ही केलीत, दुरुस्तही तुम्हीच करा. आणि मोठ्यानं. मागच्या मुलींना ऐकू गेलं पाहिजे."

बद्रीनाथांनी मास्क पुन्हा चढवला. "माह्याकडून चूक झाली. सृष्टी आउट नाई. सगळ्या जागेवर जा, चेंडू पुन्हा टाका."

चेंडू पुन्हा पडला. सृष्टीनं तो असा हाणला की कुंपणाजवळच्या मुलीच्याही डोक्यावरून जाऊन कुंपणावर आदळला. बेसवरच्या दोन्ही मुली होम प्लेटवर पोचल्या आणि धायरी एका धावेनं जिंकली. कादंबरी मटकन खाली बसून रडायला लागली. आपट्यांनी तिला पाण्याची बाटली दिली, खुर्चीची घडी घातली आणि ते अंपायरकडे वळले.

"पुढच्या रविवारी नदीपात्रातल्या मैदानात आमचा सामना आहे. सकाळी पावणेसहाला या."

"मी? आज एवढं झाल्यावर?"

"चुकणारा अंपायर मी सुधारून घेईन. उशिरा येणाऱ्यापुढे माझा इलाज नाही. आमचा बसथांबा ओंकारेश्वराचा. येताय ना?"

बद्रीनाथांनी होकारार्थी मान हलवली.

"मग तो मास्क काढा आता. सामना संपला."

"राहू द्या जी," बद्रीनाथ मास्कच्या जाळीतून बोट घालून डोळा पुसत म्हणाले, "थोडा वेळ."

आपट्यांनी एकदा त्यांच्याकडे निरखून पाहिलं. मग घडी घातलेली खुर्ची पुन्हा उघडली आणि त्यांच्यापुढे ठेवली.