मुठीतलं लेबल

बिरवाडीच्या भाड्याच्या खोल्यांत राहणाऱ्यांना मे महिन्यात दोन दिवस जोडून सुट्टी मिळणं म्हणजे लॉटरीच. दोन हजार एक साली ती लागली. बॉयलरच्या तपासणीसाठी कारखाना शनिवार-रविवार बंद राहणार होता. अश्विनने लगेच फर्मान काढलं, "तुडीलला, माझ्या मावशीकडे जायचं. आंबे खायचे, नदीत डुंबायचं. कोण नाय म्हणतो बघू!"

नाही कोण म्हणणार? त्यांचा दोस्त हरी, त्याची जीप होतीच. आणि मोरू तर सुट्टीचं नाव काढलं की पिशवी भरून दारात उभा राहणारा. अश्विनच्या शेजारच्या खोलीत राहायचा, दोघांची चार वर्षांची जिवाभावाची दोस्ती. मोरूची बायको उज्वला औषधांच्या एका कंपनीत पॅकिंगला होती, दिवसभर बाटल्यांना लेबलं चिकटवायची. लग्नाला अजून वर्ष व्हायचं होतं.

कमळामावशीने दिवाळीपासून धोशा लावला होता, "अश्विन, तुज्या कंपनीतला निळा कॅन आन रे येक. टँकर चार दिसांनी येतो, पानी साठवाया काय नाय." तिचं काही जगावेगळं मागणं नव्हतं. बिरवाडीत घरोघरी असले कॅन होते. अश्विन कारखान्याच्या स्टोअरमध्ये कामाला, रिकाम्या कॅनचा ढीग त्याच्याच ताब्यात. एखादा बाहेर न्यायचा तर रीत ठरलेली होती: आधी लेबल फाडायचं. लेबल नसलेला कॅन वॉचमनला दिसत नाही! आणि फाडलेलं लेबल आवारात टाकायचं नाही, खिशात घालून न्यायचं, नाहीतर साहेबाच्या हाती लागतं.

एरवी अश्विन लेबल वाचून साबणाच्या पाण्याचा तेवढाच कॅन काढायचा. पण त्या शुक्रवारी संध्याकाळी हरी गेटबाहेर हॉर्नवर हॉर्न मारत होता. अश्विनने हाताला लागेल तो कॅन ओढला, टर्रकन लेबल फाडलं, पँटच्या खिशात कोंबलं आणि सुटला. वाचायला किती वेळ लागतो हो? दोन सेकंद. तेवढे नव्हते त्याच्याकडे.

मावशीने कॅन बघितला आणि अश्विनच्या गालावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. शनिवारी सकाळी त्याने कॅन विसळला. तळाला पांढरा पापुद्रा धरला होता. चार बादल्या ओतल्या असत्या तर निघाला असता, पण मे महिन्यात तुडीलमध्ये चार बादल्या ओतायची कुणाची छाती आहे? "साबनच हाय, ऱ्हाऊ दे," तो म्हणाला आणि कॅन उन्हात पालथा घातला.

पन्ह्याची कल्पना मोरूची. हरीने महाडहून बर्फाची लादी आणली होती. "एवढी लादी कळशीत मावेल काय? त्या कॅनमध्ये घाला!" मावशीने कैऱ्या उकडल्या, उज्वलाने गूळ, मीठ, वेलची घातली, आणि कॅन जीपमध्ये टाकून सगळे नदीकाठच्या आमराईत गेले. खरं सांगायचं तर असा मजेचा दिवस त्यांच्या वाट्याला वर्षानुवर्षं आला नव्हता. मोरू पाण्यात रेड्यासारखा डुंबत होता. उज्वला काठावरून ओरडत होती, "अवो, बाहेर या, काळे पडाल!" इतरांनी पेला-पेला पन्हं घेतलं. मोरूने मात्र पाण्यातून आल्यावर कॅन वाकडा करून तळातलं सगळं ओतून घेतलं. "खरा गूळ तळाला बसतो, लेको! तुम्ही वरचं पाणी पिताय." चार पेले प्यायला. "वहिनी, मीठ जास्त झालंय हां," म्हणून अश्विनने उज्वलाला चिडवलंसुद्धा.

अर्ध्या तासात सगळ्यांना मळमळायला लागलं. मोरू उलट्या करून करून आडवा झाला. त्याचे ओठ बघून उज्वलाने किंकाळी फोडली. जांभळाचा ढीग खाल्ल्यासारखे ओठ झाले होते, नखंसुद्धा. अश्विनने ओल्या चड्डीवर कालचीच पँट चढवली, त्याने आणि हरीने मोरूला जीपमध्ये घातलं, उज्वला शेजारी बसली, आणि पाऊण तासात महाडच्या दवाखान्यात आणलं.

डॉक्टर तरुण होते, धावपळ करत होते. म्हणाले, "हे नुसतं उलट्या-जुलाबाचं दिसत नाही. काय प्यायलात? कशात केलं होतं?"

"कॅनमध्ये," उज्वला म्हणाली.

"कसला कॅन? आधी काय होतं त्यात?"

सगळे अश्विनकडे बघायला लागले. "साबणाचं पाणी होतं, साहेब. साधंच."

डॉक्टर सलाइन लावायला आत गेले. अश्विन व्हरांड्यात आला, घाम पुसायला रुमाल काढायला गेला, आणि रुमालाबरोबर लेबल हातात आलं. उलगडलं. लांबलचक इंग्रजी नाव, आणि त्याखाली कवटी नि दोन हाडं. समोर भिंतीवर घड्याळ होतं. साडेतीन वाजले होते.

आता तुम्ही म्हणाल, त्यात विचार काय करायचा? धावत जाऊन द्यायचं! अहो, बोलणं सोपं असतं. एक जूनला अश्विनला कायम केल्याचं पत्र मिळणार होतं. चार वर्षं ठेकेदाराच्या हाताखाली घासल्यावर. गेल्याच महिन्यात दोन कॅन नेले म्हणून एका हेल्परला पोलिसांत दिलं होतं. हे लेबल म्हणजे चोरीची लेखी कबुलीच. मोरू धडधाकट आहे, सलाइनने उठून बसेल, हा विचार त्याने गच्च धरून ठेवला. आणि लेबलही तसंच, मुठीत.

चार वाजले. हरी चहा घेऊन आला, त्याने घेतला नाही. मनातल्या मनात तो मोरूला विनवत होता, ऊठ रे लेका, ऊठ, मला वाचव. बघा, कोण कुणाला वाचवायला सांगत होता!

साडेचारला आतून उज्वलाचं रडणं ऐकू आलं, आणि त्याचे पाय आपोआप आत गेले. त्याने मूठ उघडून डॉक्टरांसमोर धरली. "साहेब, हे... हे होतं कॅनवर."

डॉक्टरांनी वाचलं आणि ताडकन उठले. "अहो, याच्यावर औषध आहे! निळं इंजेक्शन. माझ्याकडे नाही, पण हे रसायन वापरतात त्या कारखान्यात ठेवतात. जा, पळा!"

अश्विनला माहीत होतं. जानेवारीत त्या इंजेक्शनांची पेटी त्यानेच स्टोअरमधून नेऊन प्रथमोपचाराच्या कपाटात ठेवली होती. जीपने पंधरा मिनिटांची वाट.

हरीने जीप अक्षरशः उडवली. अश्विनने वॉचमनला सगळं सांगून टाकलं, कॅन, लेबल, सगळं. आता कसली लाज आणि कसली भीती! त्याने बिचाऱ्याने एका शब्दाने न विचारता कपाट उघडून दिलं. पेटी छातीशी धरून अश्विन दवाखान्यात धावत शिरला तेव्हा पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. डॉक्टर दारातच उभे होते. त्यांनी पेटीकडे हात केला नाही.

"पाच मिनिटं झाली," ते म्हणाले.

खाटेवर मोरूच्या तोंडावर चादर ओढलेली होती. उज्वला बाजूच्या स्टुलावर बसली होती. रडत नव्हती. टेबलावरचं लेबल तिने उचलून मांडीवर घेतलं होतं आणि अंगठ्याने त्याच्या सुरकुत्या सपाट करत होती, कामावर करते तशी.

"भावजी," ती म्हणाली, "हे पन्ह्यात नाय भिजलं. नदीत पन नाय. शाई बोटांच्या खुनांनी पसरलीय." तिने वर बघितलं. "घामाच्या मुठीत धरलेलं लेबल असंच होतं. उन्हाळ्यात आमच्याकडं रोज होतात. पन दोन-चार मिनटांत नाय होत एवढं."

अश्विनने हातातली पेटी खाली ठेवली.

"किती वाजल्यापासून व्हतं तुमच्याजवळ?"

खोटं बोलता आलं असतं. हरीसुद्धा त्याच्याकडे बघत होता.

"साडेतीन," अश्विन म्हणाला.

उज्वलाने दारातून दिसणाऱ्या व्हरांड्यातल्या घड्याळाकडे बघितलं, ओठ हलवत साडेतीन ते साडेचारचा तास मोजला. मग लेबलाची नीट चौकोनी घडी घालून ते ब्लाउजमध्ये ठेवलं, आणि मोरूकडे तोंड करून बसली.

"तुमी जा आता," ती म्हणाली. "पुन्ना समोर येऊ नका."