सुस्थितीत आढळलेली सायकल

मित्रांनो, विमा कंपनीच्या एका जाड कागदावर माझ्याविषयी लिहून ठेवले आहे की मी सुस्थितीत आहे. खाली सही आहे, तारीख आहे, गोल शिक्कासुद्धा आहे. मी एक जुनी सायकल आहे. आयुष्यात पुष्कळांनी मला नावाजले, पण त्या एका कौतुकाने माझा जेवढा जीव जाळला तेवढा कल्याणच्या रस्त्यांवरच्या खड्ड्यांनीही जाळला नाही. म्हणून आज सगळे सांगून टाकते.

माझा जन्म विलायतेतला. सुट्या भागांच्या रूपात लाकडी खोक्यात बसून मी बोटीने मुंबईला आले आणि ठाण्याच्या बाजारपेठेतल्या एका दुकानात माझी जुळणी झाली. साल एकोणीसशे अठ्ठेचाळीस. काळा कुळकुळीत रंग, दांड्यावर सोनेरी रेघ आणि कातडी बैठक, असा माझा थाट होता. तीन महिने मी दुकानात उभी होते. गिऱ्हाईक येई, माझी घंटी वाजवी आणि निघून जाई. लोक ठाण्याला केवळ घंट्या वाजवायला येतात अशी माझी समजूत होत चालली होती.

मग सहदेव आला. त्याने घंटीला हात लावला नाही. बैठकीच्या कडेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, "शिवण बरी आहे." तो शिंपी होता, दुसरे काय पाहणार! त्याच दिवशी मी त्याच्याबरोबर डोंबिवलीला आले.

स्टेशनापासून जरा आत त्याचे दुकान होते. एक मशीन मावेल आणि गिऱ्हाईक आत आले की शिंप्याने अंग चोरावे, एवढीच जागा. मागे चाळीतली खोली. तिथे तो आणि त्याची बायको हौसाबाई राहत. समोर महिपतचे सायकल दुरुस्तीचे दुकान होते, म्हणजे माझा वैद्य दारातच. चार वर्षे आमचे फार छान चालले. सहदेव दिवसभर मशीन चालवायचा आणि संध्याकाळी शिवलेले कपडे माझ्या कॅरिअरला बांधून पोचवायला निघायचा. आज विठ्ठलवाडी, उद्या कल्याण, लग्नसराईत थेट शीळपर्यंत. मशीनवर आणि माझ्यावर, दोन्हीकडे त्याचे पाय सतत फिरत. एवढे पाय चालवणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

ती चैत्रातली दुपार होती. शीळमधल्या एका नवरदेवाचा कोट पोचवायचा होता. शीळफाट्याच्या अलीकडे आम्ही रस्त्याच्या डाव्या कडेने चाललो होतो. हे मी शपथेवर सांगायला तयार आहे, पण सायकलला शपथ कोण घालतो? मागून विटांनी भरलेला एक ट्रक आला. समोरून एक बैलगाडी येत होती. तिला चुकवायला ट्रक डावीकडे वळला आणि सरळ माझ्या मागच्या चाकावर आला. माझे चाक दुमडले, मडगार्डाची घडी झाली, आणि सहदेव माझ्याखाली सापडला. त्याच्या उजव्या पायाचे नडगीचे हाड दोन ठिकाणी मोडले. कोटाला मात्र धूळसुद्धा लागली नाही. नवरदेव त्याच कोटात बोहल्यावर चढला.

ट्रकवाल्याने चौकीवर सांगितले की सायकलवाला बाजूच्या पायवाटेवरून एकदम आडवा आला. बैलगाडीवाला झोपेत होता आणि बैलांची साक्ष घेत नाहीत. उरले मी. माझे मागचे चाक, माझे मागचे मडगार्ड आणि त्यावर घासून बसलेला ट्रकचा हिरवा रंग. धक्का मागून बसला हे आंधळ्यालाही चाचपून कळले असते.

सहदेवचा पाय तीन महिने प्लास्टरमध्ये होता. प्लास्टर काढले तेव्हा हाड जुळले होते, पण वाकडे. मशीनच्या पायट्यावर पाय टेकला की त्याच्या कपाळावर घाम यायचा. मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितले, "हाड पुन्हा मोडून सरळ बसवावं लागेल. तीनचार महिने अंथरुणात पडून राहायची तयारी ठेवा. पण उशीर करू नका, वर्षाच्या आत या." सरकारी इस्पितळात पैसे पडणार नव्हते. पण कमावता माणूस चार महिने पडून राहिला तर घरातली चूल कशी पेटणार? ट्रकच्या विमा कंपनीकडून भरपाई मिळाली तरच पाय सरळ होणार होता. सगळे अडले होते ते इथे.

शेजारी सुधीर नावाचे गृहस्थ राहत. ते ठाण्याला एका वकिलांकडे कारकून होते. त्यांनी अर्ज लिहून दिला आणि सहदेवला बजावले, "कंपनीचा माणूस पाहणीला येईल. तोवर ह्या सायकलला कोणी हात लावायचा नाही. ही जशी मोडली आहे तशीच राहिली पाहिजे. हा तुमचा पुरावा आहे."

मोडक्या अवस्थेत जपले जाण्याचा अनुभव तुम्हांला नसेल, मित्रांनो. मला भिंतीला टेकून उभे केले आणि वर गोणपाट टाकले. चाळीतली मुले जवळ आली की हौसाबाई ओरडायची, "अरे, लांब व्हा, पुरावा आहे तो!" मलाही वाटले, चला, मोडून का होईना, आपण कामाला येणार.

मग सुरू झाल्या तारखा. कंपनीचे पत्र आले, पाहणी मंगळवारी. सहदेव मंगळवारी दाढी करून, काठी घेऊन दारात बसला. कोणी आले नाही. पुन्हा पत्र आले, पुढल्या मंगळवारी. मग कंपनीला माझ्या खरेदीची पावती पाहिजे झाली. मग नगरपालिकेच्या सायकल-कराच्या बिल्ल्याचा नंबर पाहिजे झाला. मग विचारणा झाली की अपघाताच्या वेळी सायकलस्वाराने घंटी वाजवली होती काय? आता मला सांगा, मागून येणाऱ्या ट्रकला पुढच्या सायकलने घंटी कशासाठी वाजवायची? सहदेव सुधीरना म्हणाला, "लिहा, ट्रकवाल्याने माझी परवानगी विचारली नव्हती." सुधीरनी तसे लिहिले नाही. श्रावण गेला, गणपती येऊन गेले, पाच मंगळवार ठरले आणि पाचही फुकट गेले.

आणि खंडेनवमी आली.

ह्या दिवशी आपल्याकडे हत्यारांची पूजा करतात, हे तुम्हांला ठाऊकच आहे. सहदेवच्या घरी मशीन, कात्री, मापाचा गज आणि मी, अशा चौघांना हळदकुंकू लागे. हौसाबाईने आदल्या आठवड्यात माझ्यावरचे गोणपाट उचलले आणि ती बराच वेळ उभी राहिली. घरावर एवढे संकट आले ते आपल्याच हातून काही राहून गेले म्हणून, असे तिच्या मनाने घेतले होते. आता मोडक्या, भंगलेल्या वस्तूची पूजा करायची? तिचा जीव धजेना. सहदेव मुंबईला डॉक्टरांकडे तपासणीला गेला होता आणि दोन दिवस बहिणीकडे राहणार होता. ती मला ओढत महिपतच्या दुकानात घेऊन गेली.

"महिपतभाऊ, हिला नवमीच्या आत नीट करून द्या. त्यांना सांगू नका."

महिपत चाचरला. "वयनी, सुधीरभाऊ काय तरी म्हणालं व्हतं. हात लावायचा न्हाई म्हणून."

"कोण येतंय पाहायला? पाच मंगळवार झाले. कंपनी काय आता येते! मोडकी वस्तू देवापुढे मांडू का मी?"

मी ओरडले असते हो! माझ्याकडे घंटी होती, पण घंटी आपणहून वाजत नाही. महिपतने दोन दिवस स्वतःची सगळी कामे बाजूला ठेवली. जुनी रिम भंगारात देऊन पदरची घातली, तारा कसल्या, दांडा तापवून सरळ केला, मडगार्ड ठोकून सपाट केले आणि घासून त्यावर नवा काळा रंग दिला. हिरव्या रंगाचा मागमूस उरला नाही. आणि मजुरी विचारली तर म्हणाला, "नवमीची भेट समजा." इतकी माया, इतकी मेहनत, आणि प्रत्येक घावाबरोबर माझ्या धन्याचा पाय कायमचा वाकडा होत चालला होता.

सहदेव परतायच्या आत हौसाबाईने मला पुन्हा गोणपाटाखाली झाकले. त्याने मला पाहिले ते नवमीला सकाळी. मी झेंडूच्या माळेत झगमगत होते. तो काठी टेकत आला, माझ्या मडगार्डावरून अंगठा फिरवला आणि पाटावर मटकन बसला. हौसाबाईच्या हातातले कुंकू तसेच राहिले.

"अगं, काय केलंस हे?"

"मला वाटलं, हिला बरं केलं तर तुम्हीपण बरे व्हाल," ती म्हणाली आणि रडायला लागली. मग त्याला तिच्यावर रागावताही येईना.

आता कंपनीचा माणूस कधी आला असेल? दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी! तोही गुरुवारी! चार महिने ज्याची वाट पाहिली तो डोक्यावर साहेबी सोला टोपी घालून घाम पुसत आला, माझ्याभोवती एक फेरी मारली, सुकलेल्या माळेकडे पाहिले आणि घंटी वाजवली. सहदेवने सगळे खरे सांगितले. कंपनीचा माणूस म्हणाला, "मी जे दिसतं ते लिहितो." आणि त्याने लिहिले, 'सायकल सुस्थितीत आढळली.' पंधरा दिवसांनी कंपनीचे उत्तर आले की ज्या अर्थी सायकल सुस्थितीत आहे त्या अर्थी अपघात किरकोळ असला पाहिजे, सबब भरपाई देता येत नाही. समोर बसलेल्या माणसाचा पाय लिहायला त्यांच्या कागदात रकानाच नव्हता.

महिपतला हे कळले तेव्हा तो हातोडा घेऊनच आला. "सहदेवभाऊ, मी सरळ केली, मीच पुन्यांदा वाकवतो. हुती तश्शी करतो. कुनाच्या बापाला कळायचं न्हाई."

मी तयार होते. खोटे सांगत नाही, मित्रांनो, मला वाटले, मार बाबा, पाहिजे तेवढे घाव घाल! हौसाबाईने तर मला धरून अंगणात उभेसुद्धा केले. पण सहदेवने मान हलवली.

"नको. उसवलेली शिवण पुन्हा घातली की भोकं दिसतात. शिंप्याला दिसतात तशी कोर्टालाही दिसतील. मग खरं सांगितलेलंसुद्धा खोटं ठरेल."

सुधीर तिथेच उभे होते. ते एकदम म्हणाले, "अहो, मग महिपतलाच उभं करू! सायकल कशी मोडली होती हे त्याच्याइतकं कोणाला माहीत आहे?"

दावा ठाण्याच्या कोर्टात लागला. महिपत मला चालवत शीळ-मुंब्र्यावरून ठाण्याला घेऊन गेला. साक्षीच्या पिंजऱ्यात तो आधी घाबरला, पण मला पुढे आणून उभे केल्यावर त्याचा कंठ फुटला.

"सायेब, हिची जुनी मागची रिम आठाच्या आकड्यावानी झाली व्हती. हा दांडा मागनं फुडं दबला व्हता. म्होरचं चाक मातूर साबूत. आडवी गेली असती तर म्होरचं चाक न्हाई का मोडलं? आन् रंग कितीबी द्या, सायेब, तापवून सरळ केलेल्या लोखंडाला सुरकुती ऱ्हातीच. हितं बोट फिरवून बघा."

न्यायाधीश खुर्चीवरून उठले. माझ्या मागच्या दांड्याखाली त्यांनी बोट फिरवले, एकदा, पुन्हा एकदा. मग त्यांनी हौसाबाईला विचारले, "बाई, सायकल दुरुस्त कोणी करायला सांगितली?"

"मी सांगितली, साहेब. नवमीला मोडकी वस्तू पुजू नये म्हणून. ह्यांना ठाऊक नव्हतं. चूक माझी आहे, ह्यांच्या पायाला शिक्षा देऊ नका."

निकाल सहदेवच्या बाजूने लागला! आम्ही जिंकलो, मित्रांनो. महिपतने मला बसस्टँडवर पेढा दाखवला आणि स्वतः खाल्ला.

गोष्ट इथे संपली असती तर मी इतकी कडवट झाले नसते. पण कंपनीने वर अपील केले. मग अपील काढून घेतले. मग नावातली एक चूक निघाली, मग ती दुरुस्त करायला ज्या साहेबाची सही पाहिजे ते साहेब रजेवर गेले. प्रत्येक वेळी सहदेव काठी टेकत कंपनीच्या कचेरीचा जिना चढे, बाकावर बसे आणि परत येई. त्या बाकावर पंखा नव्हता. हौसाबाई रोज डॉक्टरांनी सांगितलेले वर्ष बोटांवर मोजायची. ते वर्ष संपले, दुसरेही संपत आले, आणि मग एके दिवशी पोस्टमन भरपाईचे पत्र घेऊन आला.

डॉक्टरांनी पायाचा फोटो दिव्यासमोर धरला. "हाड आता पक्कं झालंय. आता मोडून बसवण्यात अर्थ नाही. आधी का आला नाहीत?"

सहदेव म्हणाला, "येत होतो, डॉक्टर. रस्त्यात बसवून ठेवलं होतं."

आता तो कापड बेततो आणि सुई धरतो. मशीनसमोर दोघे बसतात. त्याचे हात कापड सरकवतात आणि खाली पायटा हौसाबाई चालवते. सुरुवातीला टाके वेडेवाकडे पडत. आता तो "हं" म्हणाला की तिचा पाय सुरू होतो आणि "बास" म्हणण्याआधीच थांबतो. मी दाराशी असते. टणटणीत, सरळ, कोणीही न चालवलेली. महिपत महिन्यातून एकदा मला तेल घालतो.

मित्रांनो, माझ्या जातीच्या वस्तू शेवटी तुम्हांला सांगतात की आम्हांला जपा, पुसा, तेल घाला. मला तेवढ्यासाठी तुमचा वेळ घ्यायचा नाही. तुमच्यापैकी काही जण शिकून मोठे व्हाल आणि कुठल्या ना कुठल्या कचेरीत टेबलामागे बसाल. तुमच्यापुढे एखादा माणूस काठी टेकत येईल. त्याचे कागद अपुरे असतील, सही भलत्या ठिकाणी केलेली असेल. त्याला आधी बसायला खुर्ची द्या. आणि मग त्याचे काम त्याच दिवशी करून टाका.