काटा डावीकडे गेला

यादव बागुल दुकानाच्या पायरीवर येऊन उभा राहिला. आधार सोनवण्याने वर पाहिलं, ओळखलं आणि मान पुन्हा खाली घातली. पुढ्यात यावलच्या एका केळीवाल्याची पंपाची मोटार उघडी पडली होती. यादवशी बोलण्यापेक्षा त्या जळक्या मोटारीचं तोंड पाहणं बरं. याच माणसानं तीन वर्षांपूर्वी त्याला धुळ्याच्या ऑर्केस्ट्रातल्या मिस्त्रीकामावरून हाकलायला लावलं होतं, आणि आता एस.टी.त गिटार मांडीवर घेऊन जळगावपर्यंत आला होता. निर्लज्जम् सदासुखी, दुसरं काय.

भांडण त्या गिटारवरूनच झालं होतं. कलकत्त्याची ती इलेक्ट्रिक गिटार, तारांखाली त्यांचा सूर उचलणारे दोन पिकअप. मागच्या पिकअपची वायंडिंग, म्हणजे आतली तारेची गुंडाळी जळाली, तेव्हा आधारनं मोटारीची वायंडिंग करतात तशी यंत्रावर बारीक तार गुंडाळून ती पुन्हा भरली होती. त्याच आठवड्यात चौदा एप्रिलचा कार्यक्रम होता. यादवला दोन्ही पिकअप एकदम लावून वाजवायची सवय. त्या दिवशी आवाज असा निघाला, जसा कुणी रिकाम्या डब्यावर खिळा घासतोय. भीमनगरच्या हजार माणसांनी शिट्ट्या वाजवल्या. यादवनं स्टेजवरूनच आधारच्या आईबापाचा उद्धार केला. आधारही काही कच्च्या गुरूचा चेला नव्हता. त्यानं सगळ्यांसमोर एकेक पिकअप वेगळा वाजवून दाखवला, दोन्ही खणखणीत. मग म्हणाला, "तार बराबर शे. याना हात गया." मालक इंदरचंद शेठनं आधारला काढलं खरं, पण ते वाक्य काही कुणी धुळ्यातून काढलं नाही. यादव बागुलचा हात गेला, हे पानटपरीवरचं पोरसुद्धा सांगू लागलं. गावात दुसरी इलेक्ट्रिक गिटार नव्हती, की वाजवून पडताळावं.

"काय काम शे?" आधारनं विचारलं.

"गिटार उघाड. तूच गुंडाळेल शे, तूच देख."

"मी तव्हयच देखेल शे."

"रविवारे शेठ नाशिकना गिटारवालाले मनी जागावर, मनासमोर वाजाडाले लावनार शे," यादव म्हणाला. त्याच्या आवाजात विनंती नव्हती, राग होता. "हात शे का तार शे, इतलंच सांग. हात व्हई ते मी हाई गिटार इकी टाकसू."

आधारला मनातून बरं वाटलं. हात गेलाय हे आता याला याच्याच तोंडावर सांगता येईल. त्यानं स्क्रू काढले, मीटरच्या दोन तारा पुढच्या पिकअपला लावल्या, पिकअपवर स्क्रूड्रायव्हर टेकवला आणि झटक्यात उचलला. काटा उजवीकडे हलला. मग मागच्याला तसंच केलं. काटा डावीकडे गेला.

त्यानं पुन्हा केलं. पुन्हा डावीकडे.

तार उलट्या दिशेनं गुंडाळली गेली होती. पंपाच्या कामात याचं काही वाटत नाही. मोटार उलटी फिरली की स्टार्टरवर दोन वायरी अदलाबदल करायच्या, मोटार सुलटी. पण गिटार फिरून दाखवत नाही. एकेकटा पिकअप सरळच बोलतो. दोन्ही एकदम लावले, की एकानं भरायचं आणि दुसऱ्यानं उपसायचं. आणि आधारनं मोटारी तपासतात तसे ते एकेक करून तपासले होते.

यादव काट्याकडेच पाहत होता, पण त्याला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं.

आधारनं मागच्या पिकअपच्या दोन वायरी अदलाबदल करून कथलाचा डाग दिला. "तार गंजेल व्हती," तो मान वर न करता म्हणाला. "जुनी व्हयनी."

यादवनं दुकानातल्या अँप्लिफायरला गिटार जोडली, दोन्ही पिकअप लावले आणि एक सूर छेडला. आवाज भरून आला. त्यानं आणखी छेडलं, मग थांबला. डोळे पुसले, तेही लपवून नाही. पुढे येऊन त्यानं आधारच्या खांद्यावर हात ठेवला.

"तुनं काम बराबर व्हतं, आधारभाऊ. मी तीन वरीस तुले शिव्या दिन्यात. चुकनं मनं. शेठले सांगसू, बठ्ठास्ना समोर सांगसू."

सगळ्यांसमोरच्या या माफीसाठी आधार तीन वर्षं झुरला होता. आता ती मिळाली, आणि चोरीचा घास तोंडात यावा तशी ती त्याला गिळवेना. स्वतःचीच किळस आली त्याला.

"तार गंजेल नव्हती," तो म्हणाला. "मीच उलटी गुंडाळेल व्हती. पहिलेपाईन."

खांद्यावरचा हात निघाला. यादवनं तोच हात स्वतःच्या डोळ्यांसमोर धरला.

"तीन वरीस मी रोज सकायले हाऊ हात देखस," तो म्हणाला. "कोठे बिघडना, देखस."

यादवनं गिटार पिशवीत घातली, चेन ओढली.

"मी धुळाले येस," आधार म्हणाला. "तू नको सांगू. मीच सांगस, बठ्ठास्ना समोर."

"ये," यादव पायरी उतरता उतरता म्हणाला. "पन मनी गाडीमा बसू नको. मांगली गाडीमा ये."

आधारनं मोटारीवर फडकं टाकलं, शटर ओढलं आणि स्टँडवर जाऊन यादव बसलेली धुळ्याची गाडी डोळ्यांदेखत जाऊ दिली.