पाच-नऊ

तीन माणसांचं हौशी रेडिओ मंडळ बावीसवर नेलं ते घड्याळजींच्या जिभेने, असं त्यांची बायको म्हणायची. त्यात निम्मं कौतुक आणि निम्मा टोमणा असे. दुकानात गिऱ्हाइकाच्या घड्याळाची खोट तोंडावर सांगणारा हा माणूस रविवारी सकाळी रेडिओवर बसला, की साखर पेरत सुटायचा.

रविवारी आठ वाजता हजेरी असे. घड्याळजी एकेकाला हाक मारत. जो तो आपल्या घरच्या संचावरून ओ देई, चार वाक्यं बोले, आणि घड्याळजी त्याला गुण देत. आवाज किती समजतो याला पाचापैकी, किती जोरात येतो याला नवापैकी. कुणाचा संच खरखरो, कुणी विहिरीतून बोलल्यासारखा येवो, घड्याळजी सगळ्यांना पाच-नऊ देत. फार पूर्वी एका नव्या सभासदाला त्यांनी खरे गुण दिले होते, तीन-चार. त्याने दुसऱ्याच आठवड्यात संच विकायला काढला. तेव्हापासून घड्याळजींनी कानाला खडा लावला. माणूस टिकला पाहिजे, आवाज काय, सुधारेल हळूहळू! मंडळ वाढत गेलं, मग या धोरणाला कोण कशाला नावं ठेवणार?

आज मात्र वाचनालयाच्या माडीवरच्या मंडळाच्या खोलीत कुणाच्याच तोंडात साखर नव्हती.

गेल्या महिन्यात वादळाने शहरातले फोन बंद पाडले. अशा वेळी मंडळाचे लोक दोन-दोन तासांच्या पाळीने संचाशी बसत, कुणाची हाक आली तर मदत धाडत. घड्याळजी पहाटेची पाळी संपवून आठला झोपले. आठ ते दहा कंडक्टरबाईंची पाळी होती. शहर बसवर तिकिटं फाडणारी ही बाई दोन वर्षांपूर्वी मंडळात आली आणि तिने आपल्या डेपोतल्या चौघांच्या मागे लागून त्यांना रेडिओ परवान्याच्या परीक्षेला बसवलं. मंडळाची पुढची दहा वर्षं हिच्या जिवावर, असं घड्याळजी स्वतःच म्हणत.

नेमकं त्याच वेळी टेकडीवर राहणाऱ्या निवृत्त पोस्टमास्तरांची बायको न्हाणीघरात पडली. मास्तर पाऊण तास रेडिओवर हाका मारत होते. कुणीही ओ दिली नाही. शेवटी दूधवाल्याच्या गाडीतून तिला दवाखान्यात नेलं. खुब्याचं हाड मोडलं होतं. डॉक्टर म्हणाले, आणताना फार वेळ गेला, आता कुबड्या कायमच्या.

"बाई झोपल्या होत्या, दुसरं काय!" मंडळातल्या सुतारांनी टेबलावर हात आपटला. "मास्तरांचा संच दर रविवारी पाच-नऊ. मग ऐकू न यायला झालं काय?"

"मी टक्क जागी होते," कंडक्टरबाई म्हणाल्या. "दर दहा मिनिटांची नोंद आहे वहीत. काहीच आलं नाही. आणि खरं सांगू? मला मास्तर रविवारीही ऐकू येत नाहीत. मी विचारलं होतं घड्याळजींना."

विचारलं होतं खरं. "तुमचा अँटेनाचा खांब बुटका आहे, बाई," असं घड्याळजींनी गोड आवाजात सांगितलं होतं, आणि बाईंनी बिचारीने खांब चार फूट वाढवला होता.

खोट कुठे आहे ते घड्याळजींना पक्कं ठाऊक होतं. त्यांचा खांब तिसऱ्या मजल्याच्या गच्चीवर, तरी गेले सहा महिने त्यांनाही मास्तरांची नुसती खरखर यायची. मास्तरांच्या अँटेनाच्या केबलच्या जोडात पाणी शिरलं असावं; त्यांना इतरांचं ऐकू येई, त्यांचा आवाज मात्र बाहेर पडत नसे. अर्ध्या तासाचं काम. पण सत्तरीच्या माणसाला तुमचा आवाज येत नाही, असं कोणत्या तोंडाने सांगायचं? मास्तर नेहमीचंच बोलणार, हवा, कुंड्या, मांजर. खरखर थांबली की घड्याळजी म्हणायचे, "वा वा, उत्तम! पाच-नऊ, मास्तर." बाकीच्यांनाही काही ऐकू येत नसे. पण घड्याळजी पाच-नऊ देतात, म्हणजे खोट आपल्याच संचात, असं प्रत्येकाला वाटे आणि ते बोलायची लाजही वाटे. बाई सोडून अख्खं मंडळ सहा महिने असं गप्प बसलं होतं.

"बाईंना काढा असं मी म्हणत नाही," पोस्टमास्तर हळूच म्हणाले. "मला फक्त कळू दे, मी ओरडत होतो तेव्हा त्या कुठे होत्या."

कंडक्टरबाईंनी खोलीची किल्ली टेबलावर ठेवली. "राहू दे. डेपोतल्यांनाही सांगते मी, येऊ नका म्हणून."

घड्याळजींनी तोंड उघडलं तर उद्या जो तो विचारणार, माझे पाच-नऊ कसले होते? झाकली मूठ सव्वा लाखाची. ती उघडली की वीस वर्षांचं मंडळ बसलं. आणि गप्प राहावं, तर चोर सोडून संन्याशाला फाशी, तीही आपल्या डोळ्यांदेखत. त्यांना स्वतःची शिसारी आली.

"बाई, किल्ली उचला," ते म्हणाले. "मास्तर, त्या ऐकतच होत्या. तुमचा आवाज येत नव्हता. सहा महिने येत नाहीये. मी खोटे गुण देत होतो."



"आणि माझे?" सुतारांनी विचारलं.

"सहा महिने?" मास्तरांनी मनात काहीतरी हिशेब केला. "मग त्या रविवारी मी सांगितलं ना तुला, की डॉक्टर म्हणाले, हिची नजर आता परत यायची नाही. तू म्हणालास, वा वा, उत्तम."

घड्याळजींना तो रविवार आठवेना. खरखर सगळ्या रविवारी सारखीच होती.

"मला वाटलं, तुझी ऐकण्यात चूक झाली. म्हणून पुन्हा सांगितलं. घरात तिला अंदाज येत नाही, मला एकट्याला जमत नाही, कुणीतरी येऊन जात जा, असंही म्हणालो. तू पाच-नऊ दिलेस."

"मास्तर, मला..."

"ती शेजारीच बसली होती ऐकत," मास्तर म्हणाले. "मला म्हणाली, जाऊ द्या हो, लोकांना आपलं रडगाणं नको असतं. तेव्हापासून आम्ही कुणाला काही सांगितलंच नाही."