खुरांच्या ठशांतलं पाणी

न्यूझीलंडमधल्या त्या खाडीकाठी परक्या डासांविरुद्धच्या मोहिमेचा हा चौथा उन्हाळा होता. बाकी सगळे सापळे रिकामे निघत, पण मर्डॉक म्हाताऱ्याच्या कुंपणाजवळच्या सापळ्यात दोन-तीन डास हटकून सापडायचे.

"वाऱ्याबरोबर येत असतील," मोहिमेचे साहेब म्हणाले.

सापळे तपासणाऱ्या तुकडीची प्रमुख नायरी टामिहाना हिला ते पटेना. ती याच खाडीवर वाढली होती आणि उधाणाचं पाणी कुंपणापलीकडे कुठवर चढतं, हे तिला पाठ होतं. भरती ओसरताच ती कुंपण ओलांडून मर्डॉकच्या कुरणात शिरली आणि चिखलात गुडघे टेकून बसली.

"ए बाई, काय हरवलंय तुझं माझ्या कुरणात?" मर्डॉक काठी आपटत आला.

"तुमच्या गाईंनी डासांचं पाळणाघर काढलंय!"

"माझ्या गाईंवर आळ घेतेस?"

तिने खुराच्या ठशात साचलेलं खारं पाणी पांढऱ्या पळीत घेऊन त्याच्या नाकासमोर धरलं. पळीत अळ्या वळवळत होत्या. म्हातारा ओशाळला.

"आणि मी मूर्ख तीन वर्षं तुम्हाला फाटकातून हाकलत होतो!"

त्याच दिवशी त्याने गाई टेकडीवर नेल्या. नायरीच्या माणसांनी ठसा न् ठसा शोधून औषध टाकलं.

त्यानंतरचे दोन उन्हाळे एकाही सापळ्यात डास सापडला नाही. न्यूझीलंड सरकारने खाडी डासमुक्त झाल्याचं जाहीर केलं, त्या संध्याकाळी सगळं गाव किनाऱ्यावर लोटलं. नायरी उघड्या दंडांनी, एकदाही हात न झटकता, ओल्या वाळूतून शिंपल्या काढत राहिली.