चौथ्या छापातली आई

दूध आणायला ती अवघी वीस मिनिटं बाहेर गेली होती. परत आली तर दारात चपलांचा ढीग आणि स्वयंपाकघरात चाळीसेक माणसं. हातातली दुधाची बाटली सांभाळत सुनेने दोनदा वाट मागितली. कुणी जागचं हललं नाही.

सगळ्यांच्या नजरा ओट्यामागच्या भिंतीवर खिळल्या होत्या. तिथे खालपासून वरपर्यंत एकच अखंड लादी बसवलेली होती. पांढरीशुभ्र, राखाडी शिरांची. त्या शिरांच्या गुंत्यात एका म्हाताऱ्या बाईचा चेहरा दिसत होता. रुंद कपाळ, खोल गेलेले डोळे, किंचित वाकडी हनुवटी. आणि त्या डोळ्यांतून पाणी ओघळत होतं.

"पाहा! सून उंबऱ्याबाहेर पडली आणि आईला रडू कोसळलं!" लादीशेजारी उभ्या असलेल्या उंच माणसाने हात उंचावला. लोक त्याला शिळाज्ञानी म्हणत. "शिळा बोलत नाही, शिळा पाझरते! थेंब म्हणजे काळ आणि काळ म्हणजेच थेंब!"

याचा अर्थ कुणालाच कळला नाही, म्हणून तो सगळ्यांना ताबडतोब पटला.

"कुठे गेली होती ही?" मागून एका बाईने विचारलं. तिला सून ओळखतही नव्हती.

"दूध आणायला," सून म्हणाली.

"मेलेल्या सासूपेक्षा दूध मोठं झालं का?"

ओट्याच्या टोकाला खुर्ची टाकून सासरे बसले होते. त्यांनी मान वळवली. डोळे लाल झाले होते. "पोरी, नको ना जाऊस बाहेर," ते हळूच म्हणाले. "ती रडते गं."

घराला कुलूप कुणी घातलं नव्हतं. घालायची गरजच नव्हती. म्हाताऱ्याचा तो आवाज पुरेसा होता.

सासूला जाऊन चार महिने झाले होते. भिंतीच्या फुगलेल्या फरशा काढून नव्या बसवायचं सासूनेच ठरवलं होतं. ते काम तिच्यामागे पुरं करावं म्हणून सून, नवरा आणि सासरे असे तिघं शोरूममध्ये गेले होते. सासऱ्यांना खरा संगमरवर हवा होता. शोरूमच्या बाईंनी एका तुकड्यावर लिंबू पिळून ठेवलं आणि थोड्या वेळाने पुसून उमटलेला डाग दाखवला. "ओट्यामागे हा टिकायचा नाही. ही घ्या. माती दाबून भट्टीत भाजलेली लादी आहे, वर दगडाची नक्षी छापलेली. डाग पडत नाही, तडा जात नाही." सुनेला ती तिथेच पटली. सासरे मात्र थंडगार लाद्यांवरून हात फिरवत रेंगाळले होते. तेवढ्यात एक उंच, गोडबोल्या माणूस त्यांच्याजवळ आला आणि एका लादीकडे बोट दाखवून म्हणाला, "ही तुमच्याकडे बघतेय, काका." सासरे त्या लादीसमोर खूप वेळ उभे राहिले. मग म्हणाले, हीच.

लादी बसली आणि आठव्या दिवशी तोच माणूस, म्हणजे हा शिळाज्ञानी, दारात हजर. घरातून हाक ऐकू आली म्हणे. त्याने शिरांवरून बोट फिरवत चेहरा दाखवला आणि सासरे ओक्साबोक्शी रडले. खरं सांगायचं तर क्षणभर सुनेच्याही अंगावर काटा आला होता. हनुवटी अगदी सासूची होती.

मग नियम आले. घरच्या बाईने नव्वद दिवस उंबरा ओलांडायचा नाही. आईला वारा सोसत नाही, म्हणून खिडकी आणि पंखा बंद. आईला ऊब लागते, म्हणून शेगडीवर पाण्याचं मोठं पातेलं सतत उकळत ठेवायचं. रोज सकाळी दोन तास लोकांनी यायचं. जाताना ज्याला हवं त्याने आपल्या घराचा पत्ता शिळाज्ञानींना सांगायचा. ते डोळे मिटून त्या घराची हाक ऐकत आणि त्याला कोणती शिळा लागेल ते सांगत. गंमत म्हणजे प्रत्येक घर मोठीच लादी मागायचं. लहान फरशीवर भागेल असं एकही घर निघालं नाही. ऑर्डरही तेच घेत.

सून एका दवाखान्याच्या प्रयोगशाळेत रक्त तपासायची. सासूच्या आजारपणात तिने रजा घेतली होती, ती आता संपत आली होती. मुख्य डॉक्टरीणबाईंचा फोन आला. "सोमवारी येताय ना? नाहीतर मला दुसरं कुणी बघावं लागेल."

तिने नवऱ्याला सांगितलं. तो बुटाची नाडी बांधत म्हणाला, "नव्वदच दिवस आहेत. बाबांकडे बघून काढ ना."

"तू रोज बाहेर जातोस. तेव्हा नाही रडत आई?"

"मी काय बोलू आता?" असं म्हणून तो कामावर निघून गेला.

नियम आले तेव्हापासून ती भांडी बाथरूममध्ये घासत होती, कारण सिंकपाशी परकी माणसं उभी असत. कुणी तिचे डबे उघडून बघे. कुणी तिला निरखून म्हणे, "हीच का ती, बाहेर हिंडणारी?" झोपायच्या खोलीतून बाथरूम, तिथून परत खोली, एवढंच तिचं जग उरलं. घर तिचं होतं आणि त्यात तिला पाय ठेवायला जागा नव्हती. एकदा ती फक्त जिन्यात जाऊन उभी राहिली. पाव तासात आतून कुणीतरी ओरडलं, "आली, आली, धार आली!" ती चोरासारखी मागे फिरली.

पण सवय वाईट. आयुष्यभर जिने दोन नळ्या शेजारी ठेवून फरक शोधला, तिचं डोकं गप्प कसं बसणार? एक गोष्ट तिला टोचत होती, आणि ती म्हणजे शिळाज्ञानी या बाबतीत खोटं बोलत नव्हता. ती बाहेर गेली की लादी रडायची. ती घरात असली की क्वचितच. मग ती घरात असताना नेमकं वेगळं काय होतं?

उत्तर इतकं साधं होतं की तिचं तिलाच हसू आलं. ती घरात असली की कोंडलेल्या वाफेने जीव घाबरून लोकांच्या पाठीमागून गुपचूप स्वयंपाकघराची खिडकी किलकिली करायची. ती बाहेर पडली की कुणीतरी ती लावून टाकायचं.

दुपारी सासरे डुलकी घेत असताना तिने खिडकी घट्ट लावली आणि पातेल्याखालची आच वाढवली. बाहेर कडाक्याची थंडी होती आणि ती भिंत बाहेरच्या बाजूची होती. तिने लादीला हात लावला तर बर्फासारखी गार. पंधरा मिनिटांत सासूच्या डोळ्यांतून पहिला थेंब ओघळला. सून तर समोरच उभी होती! तिने खाली वाकून पाहिलं. पाणी डोळ्यांतूनच नव्हे, सगळ्या लादीवर दाटलं होतं. कोपऱ्यातही आणि प्लगच्या शेजारीही. पण तिथे बघतंय कोण? तिने खिडकी उघडली. दहा मिनिटांत लादी कोरडी.

अश्रूंचा निकाल लागला. राहिला चेहरा. तिने कपाटातून पावती काढली आणि बाथरूमच्या दाराला आतून कडी लावून शोरूमला फोन केला.

"पावतीवर नक्षीच्या नावापुढे 'छाप चार' लिहिलंय. म्हणजे काय हो?"

"त्या नक्षीचे सहा छाप आहेत," शोरूमच्या बाई म्हणाल्या. "खऱ्या दगडाचे सहा फोटो काढून यंत्रात घातलेले असतात. सहा लाद्या झाल्या की सातवी पुन्हा पहिल्यासारखी. शेजारी शेजारी एकसारख्या येऊ नयेत म्हणून आम्ही आकडा बघून देतो. का, काही बिघडलं?"

सुनेने सगळं सांगितलं. पलीकडून लगेच प्रश्न आले.

"उंच आहे का तो? बोलताना सारखा हात उंचावतो? अहो, दोन वर्षं आमच्या गोदामात लाद्या उतरवायचा! चौथ्या छापाला तो म्हातारीच म्हणायचा. 'म्हातारीच्या चार काढा रे,' असं ओरडायचा."

"मला चौथा छाप हवाय. शुक्रवारी सकाळी दहा वाजता, घरपोच."

"माप? कडा कशी हवी?"

"कशीही चालेल. फक्त चेहरा शाबूत हवा."

"मग कोपरा तुटलेली एक पडून आहे. तीच पाठवते. आणि मीही येते."

शुक्रवारी स्वयंपाकघर खचाखच भरलं होतं. सून मुद्दाम ओट्याशी जाऊन उभी राहिली. खिडकी बंद होती, पातेलं खदखदत होतं. थोड्याच वेळात लादीला धार लागली. लोक गोंधळले.

"मी तर इथेच आहे," सून मोठ्याने म्हणाली. "आज कशाला रडतायत?"

शिळाज्ञानी क्षणभरच अडखळला. "शरीर इथे आहे, बाई! मन उंबऱ्याबाहेर आहे! शिळेला मन दिसतं!"

"वा! वा!" कुणीतरी म्हणालं.

सुनेने पातेल्याखालचा गॅस बंद केला आणि खिडकी सताड उघडली. थंड वारा आत घुसला. "दहा मिनिटं थांबा सगळे. माझं मन हवं तिथे फिरू दे. लादी पुसायला कुणी हात लावू नका."

लोक थांबले. लादी डोळ्यांदेखत कोरडी झाली. "थंड भिंत, गरम वाफ, आणि एवढ्या जणांचा श्वास," ती म्हणाली. "तुम्हीच घेऊन येता हे पाणी."

"पण चेहरा?" सासरे खुर्चीतून उठले. "चेहरा तर तिचाच आहे ना?"

तेवढ्यात दारात आरडाओरडा झाला. "सरका, सरका, बोटं चिरडतील!" लादी बसवणारे दोघं कारागीर काचेला चिकटणारे रबरी कप लावून एक मोठी लादी तिरकी करत आत आणत होते. मागे शोरूमच्या बाई होत्या. लादी भिंतीला टेकवून त्यांनी वरचा कागद फाडला.

रुंद कपाळ, खोल डोळे, वाकडी हनुवटी. शीर न् शीर तीच.

"आई प्रकटली! दुसऱ्या रूपात!" शिळाज्ञानी ओरडला खरा, पण त्याच्या आवाजातली हवा गेली होती.

"दुसऱ्या?" थोरला कारागीर घाम पुसत म्हणाला. "गोदामात अजून तीस आहेत. गेल्या महिन्यात दोन बसवल्या एका हॉटेलात, पुरुषांच्या मुतारीत." मग त्याने शिळाज्ञानीकडे निरखून पाहिलं. "अरे, तू इथे? म्हातारीला तूच आणलंस होय?"

कुणीतरी फिस्सकन हसलं. मग ज्यांनी ऑर्डरी दिल्या होत्या ते पुढे सरसावले आणि एकाच वेळी बोलू लागले. शिळाज्ञानी त्यांच्यातून वाट काढत जिन्याकडे गेला. त्याला काळ आणि थेंब यांतला फरक नीट समजावून द्यायला चार-सहा जण खालपर्यंत गेले.

घर रिकामं झालं. सुनेला वाटलं होतं, आता मोकळं वाटेल. पण सासरे दोन लाद्यांच्या मधे उभे होते. एकदा इकडे बघत, एकदा तिकडे.

"तुला कळतंय का, तू माझ्याकडून काय घेतलंस?" ते म्हणाले. "रोज सकाळी ती मला दिसत होती."

"बाबा, मला इथे श्वास घेता येत नव्हता."

ते खोलीत गेले आणि त्यांनी दार ओढून घेतलं. सोमवारी ती कामावर गेली, तेव्हाही त्यांनी दार लावून घेतलेलं होतं. दिवसभर नळ्या हाताळताना तिला तेच बंद दार दिसत राहिलं.

बुधवारी ती संध्याकाळी परतली तर सासरे घरात नव्हते. ते खालच्या मजल्यावरच्या दारात उभे होते. त्या घरात अजूनही शिळाज्ञानीची लादी भिंतीवर होती आणि चार बायका तिच्यात कुणाला तरी शोधत होत्या.

"दिसेल," सासरे त्यांना सांगत होते. "बघत बसलात तर नक्की दिसेल. डोळ्यांना ती खोडच असते. डागात दिसेल, ढगात दिसेल. माझी बायको मला दिसली, कारण मला तिला बघायचंच होतं. त्याने फक्त एवढं हेरलं. मला फसवायला त्याला काही करावं लागलं नाही. मी तयारच बसलो होतो."

"पण काका, मनाला बरं वाटतं हो," एक बाई म्हणाली.

"मलाही वाटायचं. आणि माझ्या बरं वाटण्यापायी एक जिवंत पोर दीड महिना बाथरूममध्ये भांडी घासत होती." ते थांबले. जिन्यात उभ्या असलेल्या सुनेकडे त्यांनी पाहिलं, पण बोलणं बायकांशीच चालू ठेवलं. "आठवण काढा, रडा, फोटो लावा, कोण अडवतंय? पण कुणी येऊन सांगायला लागला की मेलेलं माणूस अमुक मागतंय, तर आधी विचारा. त्यात सांगणाऱ्याचा काय फायदा? त्यासाठी घरातल्या कुणाला कोंडावं लागतंय? आणि बघू म्हटलं तर तो बघू देतो का? मी यातलं एकही विचारलं नाही. तुम्ही विचारा."